पूल ठेवा नाहीतर पाडा, आधी मोजून घ्या

प्रति,
कन्हान नदीवरच्या जुन्या दगडी पुलाची मालकी, देखभाल किंवा जबाबदारी ज्यांच्याकडे आहे, होती किंवा उद्या ढकलली जाणार आहे असे सर्व अधिकारी आणि अभियंते;
तसेच नागपूर जिल्ह्यातल्या जुन्या वास्तूंबद्दल ज्यांच्या शब्दाला वजन आहे अशी सर्व मंडळी यांस,

सप्रेम नमस्कार.

मी कामठीचा. नोकरी आरेखकाची केली. पूल, रस्ते, मोऱ्या दुसऱ्यांनी ठरवायच्या, तिसऱ्यांनी बांधायच्या आणि मी त्यांच्या रेषा मारायच्या, असं तीसेक वर्षं चाललं. आलेली पत्रं फायलीला लावण्याचं कामही बरेचदा माझ्याकडेच यायचं. त्यामुळे नागरिकांची पत्रं पहिल्या परिच्छेदापुढे वाचली जात नाहीत हे मला चांगलं ठाऊक आहे. म्हणून मागणी इथेच सांगून टाकतो.

कन्हानच्या जुन्या पुलाचं पुढे काय करायचं ते तुम्ही ठरवा. जपा, पायी चालणाऱ्यांसाठी ठेवा, दोन्ही टोकांना फाटक लावा. अगदी पाडायचा म्हणालात तरी मी आडवा पडणार नाही. या वयात आडवा पडलो तर उठवायला माणूस लागतो. पण जे काही कराल त्याआधी तो पूल मोजा. कमान न् कमान, खांब न् खांब, भेग न् भेग. आणि ती मोजणी कुणालाही बघता येईल अशा जागी ठेवा.

एवढंच. पुढचं पत्र ज्यांना वेळ आहे त्यांच्यासाठी.

हा पूल का झाला हे समजायला आधी नदी बघावी लागते. कन्हान सातपुड्यातून, छिंदवाड्याच्या बाजूनं उतरते. कामठीच्या वरच्या अंगाला पेंच आणि कोलार तिला येऊन मिळतात. म्हणजे आपल्या समोरून जातं ते तीन नद्यांचं पाणी. उन्हाळ्यात हीच नदी वाळूत एवढी बारीक व्हायची की पात्रात डांगरवाड्या, म्हणजे खरबुजांचे मळे, लागायच्या. लहानपणी आम्ही गुडघाभर पाण्यातून जाऊन डांगर विकत आणायचो, कधी विकत न घेताही आणायचो. आणि श्रावण-भादव्यात तिच्याकडे बघवत नाही. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वरच्या धरणांचे दरवाजे उघडले आणि पेंच-कन्हानला जो पूर आला, तो ज्यांनी काठावरून पाहिला त्यांना पुलाला पाय कशाला लागतात हे वेगळं शिकवावं लागणार नाही.

पूल नव्हता तेव्हा उन्हाळ्यात पात्रातल्या उथळ उतारातून गाड्या जायच्या आणि पावसाळ्यात डोंगा चालायचा. डोंग्यात माणूस बसतो, बैल पोहून येतो, गाडी मात्र अलीकडेच राहते. खेड्यापाड्यातल्या माणसाला हे चालून जायचं. लष्कराला आणि सरकारला चालत नव्हतं.

नोव्हेंबर १८१७ मध्ये सीताबर्डीची लढाई झाली, अप्पासाहेब भोसल्यांचं बळ मोडलं, आणि १८२१ मध्ये इंग्रजांनी नागपूरपासून दहा मैलांवर, कन्हानच्या उजव्या काठाला छावणी वसवली. तीच कामठी. (कॅम्पवरून कामठी नाव पडलं, असं सांगणारे चौकाचौकात भेटतात. दुसरी व्युत्पत्ती सांगणारेही भेटतात. मी त्या भांडणात पडत नाही.) छावणीभोवती बाजार आला, व्यापारी आले, आणि मिर्झापूरहून जबलपूर, सिवनी करत दक्षिणेकडे येणारा मोठा रस्ता या बाजाराच्या दारात, पण नदीच्या पलीकडे येऊन थांबला. पुढे १८५४ मध्ये नागपूरचं राज्य खालसा झालं. १८६१ मध्ये नागपूर आणि नर्मदेकडचा मुलूख एकत्र करून मध्य प्रांत केला, नागपूर त्याची राजधानी झाली. कागदावर प्रांत एक झाला खरा. पावसाळ्यात मात्र कन्हान त्याचे दोन तुकडे करायची. जबलपूर त्या काठाला, राजधानी या काठाला.

पूल नसण्याची किंमत काय असते, याची नागपूरला माहीत असलेली एक गोष्ट आहे. ती कन्हानची नाही, बोरीकडच्या एका नाल्याची आहे. रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप, ज्यांच्या नावाचं कॉलेज आपल्याकडे आहे, धर्मप्रसारक होते आणि दगडांचे वेडेही. भोकारा आणि सिलेवाड्याच्या खाणींतून त्यांनी आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर यांनी झाडपाल्याचे जीवाश्म गोळा केले. पुढे इथल्या त्या वालुकाश्माला भूगर्भशास्त्रात आपल्याच गावाचं नाव मिळालं: कामठी थर. सप्टेंबर १८६३ मध्ये हिस्लॉप मध्य प्रांताचे मुख्य आयुक्त रिचर्ड टेम्पल यांच्याबरोबर टाकळघाटची शिळावर्तुळं बघायला गेले होते. परतताना संध्याकाळी ते एकटेच मागे राहिले. वाटेतला नाला पावसानं चढला होता. घोडा मुक्कामी पोचला, स्वार पोचला नाही. ४ सप्टेंबरची ही गोष्ट. जन्मभर दगड ओळखणारा माणूस एका नाल्यावर चार दगडांची कमान नव्हती म्हणून गेला.

कन्हानचा दगडी पूल त्यानंतरच्या दशकातला, म्हणजे १८७० च्या पुढचा. मुंबईहून निघालेली रेल्वे १८६७ मध्ये नागपूरला पोचली होती. तिला मिळणारे रस्ते आता बारमाही करणं भाग होतं. पुलानंतर थोड्याच वर्षांत छत्तीसगडकडे जाणारी लहान गेजची रेल्वे आली, ती पुढे बंगाल नागपूर रेल्वेनं घेऊन रुंद केली, आणि तिच्यासाठी नदीवर वेगळा लोखंडी पूल झाला. रेल्वेचा पूल लोखंडी, रस्त्याचा पूल दगडी. त्या काळातली ही वाटणी मला नेहमी गमतीची वाटते. लोखंड विलायतेहून यायचं, ते रेल्वेला परवडायचं. रस्त्यासाठी दगड इथला, चुना इथला, हात इथले.

या हातांबद्दल थोडं लिहितो, कारण गॅझेटियरात साहेबांची नावं येतात, पाथरवटांची येत नाहीत.

कमानीचा पूल बांधायचा म्हणजे आधी लाकडाची कमान बांधायची. तिच्यावर दोन्ही बाजूंनी घडीव दगड चढवत न्यायचे. उजवीकडे एक, डावीकडे एक, वजन सारखं राहील असं. शेवटी माथ्यावर कळीचा दगड ठोकून बसवायचा आणि चुना धरला की खालचं लाकूड काढून घ्यायचं. लाकूड काढण्याचा दिवस हा मिस्त्रीच्या परीक्षेचा दिवस. कमान बोटभर खाली बसते, करकरते, आणि थांबते. चुना म्हणजे तरी पोत्यातून काढून कालवलेला नव्हे. गोल चरात दगडी चाक, चाकाला बैल, आणि चरात चुना, वाळू, विटांची सुरखी. दिवसभर घाणी फिरायची. ज्यांनी ही घाणी पाहिली अशी माणसं आता बोटांवर मोजण्याइतकी राहिली.

त्यातला एक मिस्त्री माझ्या वाट्याला आला. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात मला एका जुन्या रस्त्यावरच्या तीन कमानींच्या दगडी पुलाची मापं घ्यायला पाठवलं होतं. कुठल्या रस्त्यावरचा ते सांगत नाही. सांगून आता उपयोगही नाही. म्हातारा मिस्त्री टेपचं दुसरं टोक धरायला होता. मी नवीन, पुस्तक वाचून आलेलो. त्याला म्हटलं, हे दगड एकमेकांना धरून किती वर्षं उभे आहेत बघा. तो म्हणाला, "धरून नाही राहिले, बाबू. एकमेकाले ढकलून राहिले. एकानं ढकलनं सोडलं का संपलं."

मी तीन वर्षं डिप्लोमाला जे शिकलो ते या माणसानं तीन वाक्यांत संपवलं.

त्यानंच मला कमानीच्या आतल्या बाजूला, सावलीत, दगडांवरच्या खुणा दाखवल्या. एका दगडावर टाक्यानं काढलेला त्रिशूळ. त्याच्या शेजारच्यावर दोन आडव्या रेघा. मग पुन्हा त्रिशूळ. "ज्यानं घडवला त्याची खूण," तो म्हणाला. "शनवारी गोटे मोजून पैसे भेटत." मी पेन्सिलीनं त्या खुणा वहीत उतरवल्या. कार्यालयात साहेबांनी वही पाहिली, मापांवर टिक केली, खुणांवर प्रश्नचिन्ह केलं.

त्या पुलाचं पुढे काय झालं ते ऐका. दोन-तीन पावसाळ्यांनंतर कमानीतली एक भेग दिसायला लागली. भेगेवर काचेची पट्टी चिकटवायची असते. भेग वाढली की काच तडकते. वाढली नाही की काच शाबूत राहते. चार आण्यांची काच, पण तिच्याइतका खरं बोलणारा माणूस मी खात्यात पाहिला नाही. ते न करता कुणीतरी अख्ख्या कमानीला आतून सिमेंटचा गिलावा मारून घेतला. भेग दिसेनाशी झाली. खुणाही गेल्या. मिस्त्री तेव्हा हयात होता. त्याला सांगितलं तेव्हा त्यानं नुसती मान हलवली. "गोट्याचं नाक दाबलं," एवढंच बोलला. दगडी पुलाच्या पोटात मुरूम भरलेला असतो, त्यात पाणी मुरतं आणि दगडांच्या दरजांमधल्या चुन्यातून ते हळूहळू बाहेर पडतं. चुना ओलावा सोडतो. सिमेंट सोडत नाही. दरजा सिमेंटनं बंद केल्या की पाणी आत अडकतं, भराव फुगतो, बाजूच्या भिंती बाहेर ढकलल्या जातात, आणि घडीव दगडाचे पापुद्रे निघायला लागतात. ज्यानं गिलावा मारला त्याचा हेतू चांगलाच असणार. पुलाला तो बाधला.

पुढे रस्ता रुंद झाला. एका सकाळी पोकलेन आलं आणि संध्याकाळपर्यंत तीन कमानी नाल्यात होत्या. घडीव दगड कुणी कुणी ट्रॅक्टरनं नेले. मला तेव्हा वाटलं, ठीक आहे, पूल गेला, नकाशा तर आहे. मी काढलेला होता, आणि त्याच गुंडाळीत मूळ बांधकामाचा एक जुना नकाशाही होता: निळसर मेणचट ट्रेसिंग क्लॉथवर काळ्या शाईनं काढलेला, कमानीचा एकेक दगड स्वतंत्र रेखलेला, पाण्याच्या रेषेला हलका निळा हात दिलेला. असं काम करायला मला जमलं नसतं हे कबूल करतो.

मग आमचं कार्यालय दुसऱ्या इमारतीत हललं. जुन्या गुंडाळ्या बाद ठरवून काढून टाकल्या. आता ट्रेसिंग क्लॉथची एक गंमत आहे, ती नव्या अभियंत्यांना माहीत नसणार. ते कापड गरम पाण्यात भिजवून चोळलं की वरची खळ आणि शाई धुऊन जाते आणि आतून मलमलीसारखं तलम सुती कापड निघतं. त्याचे सुरेख रुमाल होतात. आमच्या इमारतीतल्या निम्म्या लोकांच्या खिशात त्या उन्हाळ्यात पांढरे रुमाल होते. एक मलाही मिळाला. मी तो वापरला, खोटं कशाला बोलू. कितीतरी दिवसांनी लक्षात आलं की मी ज्यानं घाम पुसतोय तो कदाचित तोच पूल आहे.

म्हणून हे पत्र.

कन्हानच्या पुलाचं असं होऊ नये. तो काही नाल्यावरचा तीन कमानींचा पूल नाही. वाराणसीहून कन्याकुमारीला जाणारा जुना राष्ट्रीय महामार्ग क्रमांक सात, जुन्या क्रमांकांप्रमाणे देशातला सगळ्यांत लांब महामार्ग, याच पुलावरून जायचा. बैलगाड्या, घोडे आणि तोफा डोळ्यांसमोर ठेवून बांधलेल्या पुलावरून आम्ही कोळशाचे ट्रक, मँगनीजचे ट्रक, वाळूचे ट्रक आणि वरून एसट्या जाताना पाहिल्या. त्यानं ते सोसलं याचं कारण चमत्कार नाही. दगडी कमानीचं स्वतःचंच वजन इतकं असतं की वरून गेलेला ट्रक तिच्या लेखी पाहुणा असतो. तिला धोका वरून कमी आणि खालून जास्त. पाण्याचा भोवरा खांबाच्या पायथ्याची माती खणून नेतो. पात्रातली वाळू उपसली की हे खणणं सोपं होतं. पुलाजवळची वाळू उपसू नये असा नियम उगीच केलेला नाही. कन्हानची वाळू कुठे कुठे जाते हे मी तुम्हाला सांगण्याची गरज नाही. डांगरवाड्या दिसेनाशा झाल्या, एवढंच लिहितो.

महाडचं उदाहरण तुमच्या पाठ्यपुस्तकात असेलच. सावित्रीवरचा दगडी कमानींचा पूल १९२८ चा. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात गेला आणि दोन एसटी बसगाड्या आणि इतर वाहनं घेऊन गेला. चाळीसच्या आसपास माणसं. त्याच वर्षी मे महिन्यात पाहणी होऊन पूल वाहतुकीला योग्य ठरला होता. नवा पूल १६५ दिवसांत उभा करून दाखवला, त्याचं कौतुक व्हायलाच हवं. पण मला आजही तो मे महिना छळतो. पाहणी करणाऱ्यानं नेमकं काय पाहिलं असेल? वरून रस्ता, कठडा, कमान. पाण्याखालचा पाया कुणाला दिसला असेल? आणि आधीच्या वर्षी पात्राची पातळी किती होती याचा आकडा समोर नसेल तर यंदा ती खाली गेली हे कळणार कसं? एकदाच घेतलेलं माप पुरत नाही. मापाला मागचं माप लागतं.

त्यानंतर गावोगावी एक अफवा फिरली, आठवत असेल. इंग्रजांनी पुलाला शंभर वर्षांची गॅरंटी दिली होती आणि आता लंडनहून पत्र आलं की मुदत संपली. कामठीतही फिरली. मी जिथे जिथे गेलो तिथे हे पत्र आलेलं असतं. ते डोळ्यांनी पाहिलेला माणूस मात्र मला आजवर भेटलेला नाही. माणसं अशा पत्रावर विश्वास ठेवतात त्याचं कारण सोपं आहे: आपल्या पुलाची कुंडली आपल्याकडे नाही, ती दूर कुठेतरी साहेबाच्या कपाटात असेल असं त्यांना मनोमन वाटतं. लंडनचं पत्र खोटं आहे हे सिद्ध करायचं तर नागपूरचं पत्र खरं असायला हवं.

आणि कोल्हापूर. पंचगंगेवरचा शिवाजी पूल आपल्या पुलाच्याच पिढीतला, तोही दगडी कमानींचा. शेजारचा पर्यायी पूल परवानग्यांत रखडला आणि २६ जानेवारी २०१८ च्या रात्री जुन्या पुलाचा कठडा तोडून मिनीबस नदीत गेली, तेरा जण गेले. जुन्या गोष्टींवर प्रेम करणाऱ्या आम्हा लोकांनी हे लक्षात ठेवायला हवं. वारसा म्हणून पूल धरून बसायचं आणि त्यावरून रोजची वाहतूकही ढकलायची, हे दोन्ही एकदम चालत नाही. कन्हानला शेजारी नवा पूल आला हे चांगलंच झालं. मी त्याच्या विरोधात कधीच नव्हतो, माझ्या दुचाकीचे स्प्रिंग तर मुळीच नव्हते.

सांगलीकरांचं मात्र मला कौतुक वाटतं. कृष्णेवरचा आयर्विन पूल १९२९ चा. पावसाळ्यात तिथला माणूस सकाळी उठल्यावर पहिलं विचारतो, "आयर्विनला किती फूट?" चाळीस म्हटलं की इशारा, पंचेचाळीस म्हटलं की धोका, बाजारपेठेतला दुकानदार त्यावरून माल वर चढवायचा की नाही ते ठरवतो. एका पुलाचा खांब अख्ख्या शहराची मोजपट्टी झाला. आमच्या कन्हानला खांब काय कमी आहेत? २०२० चं पाणी कुठवर आलं होतं, त्याआधीचं कुठवर, हे कामठी-कन्हानच्या किती तरी म्हाताऱ्यांच्या बोटाच्या टोकावर आहे. "इथवर," असं म्हणून ते हात दाखवतात. ते हात आहेत तोवर रंगाचा डबा घेऊन कुणीतरी त्यांच्याबरोबर नदीवर जायला हवं.

आता तुम्ही म्हणाल, एवढा वेळ, एवढा पैसा कुठून आणायचा. नागपूरकरांसमोर हे म्हणू नका, हसतील. वर्धा रोडवर ३.१४ किलोमीटरचा दुमजली पूल बांधून आपण गिनीज बुकात गेलो. कामठी रोडवर ५.६७ किलोमीटरचा दुमजली पूल झाला. गड्डीगोदामला खाली रस्ता, वर रेल्वे, तिच्यावर उड्डाणपूल आणि त्याच्यावर मेट्रो अशी चार मजली रचना आहे, नातवाला दाखवायला मी मुद्दाम घेऊन गेलो होतो. मेट्रोचा दुसरा टप्पा ऑटोमोटिव्ह चौकातून निघून कन्हान नदीपर्यंत यायचा आहे, आणि शेवटच्या स्थानकाला नाव ठरलंय तेही ‘कन्हान रिव्हर’. म्हणजे उद्या नागपूरची पोरं मेट्रोनं या नदीवर उतरतील. त्यांना तिथे काय दिसेल? हे शहर पुलांवर ज्या हातानं खर्च करतं, त्याच्या करंगळीनं एक जुना पूल मोजून होतो.

केंद्र सरकारनं २०१६ मध्ये देशभरातल्या पुलांची नोंद करायला घेतली, प्रत्येक पुलाला स्वतःचा क्रमांक दिला, त्यात दीड लाखाहून जास्त पूल आले. चांगली गोष्ट. पण तो क्रमांक म्हणजे पुलाचं आधार कार्ड. आधार कार्डावर माणसाचा फोटो असतो, त्याच्या गुडघ्याचा एक्स-रे नसतो. मला एक्स-रे हवा आहे. पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर पाहणी करायची असतेच; ती या पुलाचीही करा, नव्या पुलाच्या सावलीत गेला म्हणून त्याला यादीतून सोडू नका. खांबांच्या पायथ्याशी पात्राची पातळी दर वर्षी एकाच खुणेपासून मोजा. दरजांमध्ये पिंपळ, उंबर उगवले तर वरून कोयता मारून जाऊ नका. मूळ आत राहतं, दुसऱ्या वर्षी दुप्पट जोमानं येतं आणि पाचव्या वर्षी दगड सरकवतं. दरजा भरायच्याच असतील तर चुन्यानं भरा. चुना कालवणारा मिस्त्री मिळत नाही म्हणाल, तर किल्ल्यांच्या आणि देवळांच्या डागडुजीच्या कामांवर विचारा, मिळतो. आणि भेग दिसली की गिलावा नको. काच.

सगळी मापं टेपनंच घ्या असं म्हणणारा मी नाही. आता स्कॅनर आला, ड्रोन आले. आम्ही महिनाभरात जे करायचो ते दोन दिवसांत होतं, आणि प्रत्येक दगड वेगळा दिसतो. नागपुरात १९६० पासून इंजिनिअरिंग कॉलेज आहे, आज त्याचं नाव व्हीएनआयटी. तिथे स्थापत्य आणि वास्तुशास्त्र दोन्ही शिकवतात. एका तुकडीच्या एका सत्राचं हे काम आहे. मुलांना गुण मिळतील, तुम्हाला नकाशा मिळेल, आणि नकाशा संगणकावर असल्यामुळे त्याचे रुमाल होणार नाहीत.

माझ्या घरचं एक सांगतो, मग थांबतो. आजी त्रिपुरी पौर्णिमेला रामटेकला जायची. आधी दमणीनं, नंतर एसटीनं. मनसर, रामटेक करायचं तर पूल हाच. गाडी पुलावर आली की ती पदराच्या गाठीतला पैसा सोडायची आणि कन्हानमायला टाकायची. तिचा नेम चुकला तर पैसा कठड्यावर आपटून आत रस्त्यावर पडायचा, आणि मग ती दिवसभर हळहळायची. वडील विडीच्या धंद्यात होते. सायकलच्या मागे तेंदूपानाचे पुडे बांधून रोज याच पुलावरून पलीकडे, आणि संध्याकाळी वळलेल्या विड्यांचे कट्टे घेऊन अलीकडे. समोरून ट्रक आला की सायकल कठड्याला टेकवून उभं राहायचं. त्या कठड्याचा एक दगड त्यांच्या हाताला माहीत होता. खाली, कन्हानच्या काठाला बाबू हरदास एल. एन. यांची समाधी आहे. ‘जय भीम’ हा अभिवादनाचा शब्द ज्यांनी दिला ते आमच्याच कामठीचे, १९३९ मध्ये अवघ्या पस्तिशीत गेले. त्यांच्या स्मृतिदिनाला, १२ जानेवारीला, तिथे येणारी कितीतरी माणसं या पुलावरूनच आली आहेत. हे सगळं नकाशात येत नाही हे मला कळतं. नकाशात कठडा यावा एवढंच म्हणणं आहे. टेकायचं कुणी ते ज्याचं त्याला माहीत.

या पत्राला उत्तर आलं नाही तरी मी माझ्यापुरतं ठरवलं आहे. दिवाळीनंतर पाणी उतरतं. तेव्हा मी रोज सकाळी आठ ते दहा अलीकडच्या काठावरच्या पहिल्या कमानीखाली असेन. तिथे उन्हं उशिरा येतात, बसायला बरं पडतं. वही माझी, पेन्सिल माझी, तीस मीटरची टेप माझी. मिस्त्री आता नाही आणि टेप एकट्यानं धरता येत नाही. दुसरं टोक धरायला एक माणूस पाठवा.

आपला,
कामठीचा एक निवृत्त आरेखक